पट ३० असेल तर १० हजार, ३१ झाला की २५ हजार! गावच्या शाळेचा पैसा ठरतो कसा?

सिंदेवाही : जिल्हा परिषदेच्या शाळेत ३० मुले असतील तर वर्षाचे संयुक्त शाळा अनुदान १० हजार रुपये. एक मूल वाढले की २५ हजार. 'समग्र शिक्षा'चा हा दर पटावर चालतो. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती सगळे यातूनच. किमान १० टक्के स्वच्छतेवर. जंगलालगतच्या टोलीवर पट वाढणार कुठून? छप्पर मात्र मोठ्या शाळेइतकेच गळते.

शिक्षकांचा पगार वेगळा, पण पदेही पटावरच. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. एक बैठकीला गेला की सगळे वर्ग दुसऱ्याकडे.

विचारायचे कोणाला? देखरेख पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांची. मार्च २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आले आणि गावाचा प्रश्न सभागृहात मांडणारा सदस्यच उरला नाही.

गावाच्या हाती राहते शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात ७५ टक्के पालक, निम्म्या महिला. अनुदानाचा हिशेब तिथेच मागता येतो. चौथीतले मूल दुसरीचा धडा वाचते का, हेही. फक्त बैठक रोवणीच्या दिवसांत भरदुपारी नको.