नोंदी पुसल्या, जागा मात्र अडलेलीच!

'सर्व्हरची डिस्क भरली' हा निरोप बहुधा महिनाअखेरीसच येतो. पगारपत्रके निघायची असतात, देयके छापायची असतात आणि नेमका त्याच वेळी डेटाबेस नवी नोंद घेण्यास नकार देतो. मग घाईघाईने जुन्या वर्षांच्या लाखो नोंदी पुसल्या जातात. गंमत अशी, की त्यानंतरही डिस्कवरील मोकळी जागा तसूभरही वाढत नाही; उलट थोडी कमीच झालेली आढळते. असे का व्हावे?

जगभर वापरल्या जाणाऱ्या 'पोस्टग्रेस' या डेटाबेसचे उदाहरण घेऊ. त्याची पाळेमुळे १९८६ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहेत. येथे नोंद बदलली, की जुनी खोडली जात नाही. तिची नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी जागच्या जागी राहते. त्याच क्षणी कुणी तो तक्ता वाचत असेल, तर त्याला सुसंगत चित्र दिसावे, हा त्यामागील हेतू. या जुन्या, मृत नोंदींची झाडलोट 'व्हॅक्यूम' नावाची प्रक्रिया करते. परंतु तिच्यामुळे मोकळी झालेली जागा त्याच तक्त्यातील नव्या नोंदींसाठी राखली जाते. फाइलच्या शेवटची पाने रिकामी असतील तेवढीच डिस्कला परत मिळतात. इमारतीतील खोल्या रिकाम्या झाल्या, म्हणून इमारतीची उंची कमी होत नाही, तसेच हे.

ही झाडलोट २००८ मधील ८.३ या आवृत्तीपासून आपोआप सुरू असते. तथापि, मूळ मांडणीनुसार तक्त्यातील सुमारे २० टक्के नोंदी मृत झाल्याखेरीज ती हाती घेतली जात नाही. दहा कोटी नोंदींच्या तक्त्यात याचा अर्थ दोन कोटी मृत नोंदी! मोठ्या तक्त्यांसाठी हे प्रमाण हाताने कमी करणेच श्रेयस्कर. शिवाय एखाद्याने सकाळी व्यवहार उघडून तो पूर्ण न करताच जेवणाची सुट्टी घेतली, तर त्यानंतर मृत झालेल्या नोंदींना झाडलोटीत हात लावता येत नाही. अनेकदा सारा घोटाळा अशा एका विसरलेल्या व्यवहारापाशी येऊन थांबतो.

'व्हॅक्यूम फुल' हा जालीम उपाय जागा खरोखर परत देतो. पण तो तक्त्याची संपूर्ण नवी प्रत तयार करतो आणि तोवर तो तक्ता वाचताही येत नाही. म्हणजे जागा मिळवण्यासाठी आधी जागा हवी! डिस्क काठोकाठ भरल्यावर तो आठवून उपयोग नाही.

याहून घातक प्रकार निराळाच. व्यापारी आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. डेटाबेसही प्रत्येक बदल आधी अशाच एका रोजकीर्दीत लिहितो. नोंदी पुसणे हाही बदलच असल्याने पुसताना ही कीर्द वाढते. सुरुवातीला जागा कमी झालेली दिसली, ती त्यामुळे. दूरच्या राखीव सर्व्हरसाठी कीर्द राखून ठेवण्याची सोय असते आणि तो सर्व्हर बंद पडला, तरी मुख्य सर्व्हर इमानेइतबारे साठा करीतच राहतो. त्यावर मर्यादा घालण्याची सोय २०२० मधील १३ व्या आवृत्तीत आली. ही कीर्द ज्या फोल्डरमध्ये असते, त्याचे नाव पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' होते. 'लॉग' म्हणजे टाकाऊ टिपणे, असे समजून लोक ते रिकामे करीत आणि डेटाबेस गमावून बसत. अखेर २०१७ मधील १० व्या आवृत्तीत त्याचे नाव 'पीजी_वॉल' असे बदलावे लागले.

मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर'मध्ये 'फुल रिकव्हरी' पद्धत निवडून लॉगचा बॅकअप घेण्याचे विसरले, तर तेथेही हीच गत होते.

जुनी माहिती ठरावीक काळाने काढायचीच असेल, तर तक्त्याचे महिनावार भाग पाडावेत. एकेक नोंद पुसण्याऐवजी जुना भागच काढून टाकला, की त्याची जागा डिस्कला परत मिळते. आणि एक जुनी युक्ती : दोन-चार गिगाबाइटची एक निरुपयोगी फाइल डिस्कवर मुद्दाम ठेवून द्यावी. आणीबाणीत ती उडवली, की निदान डेटाबेस पुन्हा सुरू करून खरे कारण शोधण्यापुरती उसंत मिळते.