स्टेटसखालचा डोळा काय सांगतो?

आदिलाबादच्या अनेक मराठी घरांचे नातेसंबंध पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेले आहेत. बाळाचे बारसे असो वा आजारपण, पूर्वी ती वार्ता पत्राने कळे. आता ती व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर झळकते. त्याखालच्या डोळ्याच्या चिन्हाविषयी मात्र बराच गैरसमज आढळतो. “बाळाच्या तापाचे अमुक डॉक्टरांनी पाहिले होते, यादीत नाव होते,” असे सांगणारे पालक मला वरचेवर भेटतात.

स्टेटसची ही सोय फेब्रुवारी २०१७ मध्ये आली. त्यातील मजकूर २४ तास राहतो. डोळ्याशेजारचा आकडा म्हणजे तो किती जणांनी उघडला. त्यावर बोट ठेवताच नावे व वेळ दिसते. परंतु उघडणे म्हणजे वाचणे नव्हे. एकाचे स्टेटस संपले की पुढच्याचे आपोआप सुरू होते. आपली नजर दुसरीकडे असली तरी आपले नाव यादीत जाते.

याउलट, ज्याने वाचल्याची पोच बंद ठेवली आहे, त्याने पाहूनही नाव उमटत नाही. त्यालाही इतरांची नावे दिसत नाहीत. शिवाय दोघांच्याही फोनमध्ये परस्परांचे क्रमांक जतन केलेले नसतील, तर स्टेटस पोहोचतच नाही. शेकडो रुग्णांचे क्रमांक कोणता डॉक्टर जतन करून ठेवतो?

इन्स्टाग्रामवर रंगीत कडे न पाहिलेल्या स्टोरीचे, करडे पाहिलेल्या स्टोरीचे, तर हिरवे निवडक जवळच्या मित्रांसाठी असलेल्या स्टोरीचे. पाहणाऱ्यांची यादी फक्त स्टोरी टाकणाऱ्याला दिसते, आणि आपली कुमारवयीन मुले ती परीक्षेच्या निकालासारखी वाचतात. “तिने पाहिले, पण बोलली नाही,” एवढ्यावरून जेवण टाकणारी मुले माझ्याकडे आणली जातात. आईवडिलांना हा आजार कोणता ते उमगत नाही.

जुलाब होणाऱ्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर यादीत नाव येण्याची वाट पाहणे घातक ठरू शकते. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ सुस्त पडले, की थेट रुग्णालय गाठावे किंवा १०८ ला फोन करावा. मार्च २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी लेखी संदेशाद्वारे वैद्यकीय सल्ला देण्यास मान्यता दिली आहे; पण तेथे रुग्णाने डॉक्टरशी संपर्क साधणे गृहीत आहे. स्टेटस कोणा एकाला उद्देशून नसते. व्यवसायबंधूंनी दवाखान्यात तसा फलक लावावा, आणि आपल्याकडे तो मराठी व तेलुगू अशा दोन्ही भाषांत असावा.