आग लागली तर फोनवर नेमकं काय सांगायचं? जळगाव-धुळ्याच्या वाचकांसाठी

22 जानेवारी 2025 ची संध्याकाळ आठवते का? लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस जळगाव सोडून पुढे आली आणि माहेजी-परधाडेच्या दरम्यान साखळी ओढल्याने थांबली. डब्यात आग लागल्याची अफवा पसरली होती. घाबरलेले प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान 12 जणांचा जीव गेला. डब्यात आग नव्हतीच.

"आग लागली!" एवढं ओरडून समोरच्याला फक्त भीती मिळते. कुठे लागली, कशाला लागली, आत कोणी आहे का, हे कळलं तरच तो काही करू शकतो. गाडीत धूर दिसला तर उतरण्याआधी शेजारच्या डब्यात सरका आणि 139 ला कळवा. उतरावंच लागलं तर दुसरा रूळ नसलेल्या बाजूने उतरा.

101 की 112?

101 हा अग्निशमन दलाचा जुना नंबर. 112 हा सगळ्या आणीबाणीसाठीचा एकच नंबर. महाराष्ट्रात 112 चा कॉल आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून माहिती जिल्ह्याकडे जाते. आता तिथल्या ताईंना तुम्ही "शिवाजी पुतळ्याजवळ या" म्हणालात तर त्यांनी काय समजायचं? पुतळा नसलेलं गाव शोधावं लागेल आपल्याकडे! गावांच्या नावांचंही तसंच. पिंप्री, वडगाव, सावखेडा ही नावं एकाच तालुक्यापुरती नाहीत.

म्हणून पहिलं वाक्य जिल्हा आणि तालुक्याने सुरू करा. उदाहरणार्थ: "धुळे जिल्हा, साक्री तालुका, अमुक गाव, बसस्टँडच्या मागची गल्ली. दुकानाला आग आहे, वरच्या मजल्यावर दोघं अडकलेत, आत गॅस सिलिंडर आहे." दहा-पंधरा सेकंदांत सगळं सांगून होतं. आणि समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत फोन कापू नका. लोक नेमकी हीच चूक करतात.

तुमच्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर आजच सेव्ह करून ठेवा. 101 लावल्यावर आपलं लोकेशन आपोआप कळेलच, असं धरून चालू नका.

शेतात, एमआयडीसीत पत्ता कसा सांगणार?

इथे प्लस कोड कामाला येतो. गूगल मॅप्स उघडा, तुम्ही आहात त्या जागेवर बोट दाबून धरा, लाल पिन पडेल. खालची पट्टी वर सरकवली की इंग्रजी अक्षरं आणि अंकांचा एक छोटा कोड दिसतो, मध्ये अधिकचं चिन्ह आणि पुढे गावाचं नाव. हा कोड साधारण 14 मीटर बाय 14 मीटरचा चौकोन दाखवतो. त्यात स्वर वापरलेलेच नाहीत, म्हणजे चुकून भलताच शब्द तयार होण्याची शक्यता कमी. टपाल खात्यानेही 2025 मध्ये डिजिपिन नावाचा दहा अक्षरांचा कोड आणलाय, त्याचा चौकोन साधारण 4 मीटरचा.

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, नकाशा दिसायला मात्र लागतं. म्हणून तालुक्याचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. तरीही माझं मत विचाराल तर कोडपेक्षा भरवशाचा उपाय म्हणजे फाट्यावर एक पोरगा बाइक घेऊन उभा करणं. बंब आला की तो पुढे, बंब मागे.

बंबातलं पाणी किती पुरतं, याचाही विचार करा. साधारण मोठ्या बंबात साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं आणि एका नळीतून मिनिटाला काहीशे लिटर जातं. काही मिनिटांत टाकी रिकामी! जवळ कोणाची विहीर, शेततळं, बोअर चालू आहे, हे फोनवरच सांगितलं तर पुढचा बंब भरायला वेळ जात नाही.

खान्देशात कापसाची गोष्ट वेगळी आहे

दरवर्षी 14 ते 20 एप्रिलला अग्निशमन सप्ताह असतो. शाळा-कॉलेजात प्रात्यक्षिकं होतात, पेटत्या सिलिंडरवर ओलं पोतं टाकून दाखवतात. ही तारीख 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची. फोर्ट स्टिकिन जहाजात स्फोटकं होती, पण आग आधी लागली कापसाच्या गठाणींना. ती विझवायला गेलेले 66 अग्निशमन जवान गेले.

आता आपल्या घरी बघा. भाव वाढेल या आशेने कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. त्याच खोलीत स्विचबोर्ड आणि त्यावर तीन फोन चार्जिंगला. कापसाची आग वरून विझल्यासारखी वाटते आणि आत धुमसत राहते, कित्येक तासांनी पुन्हा भडकते. त्यामुळे "विझली, बंब नको" असा फोन स्वतःच्या अंदाजावर करू नका. आणि चार्जिंग दुसऱ्या खोलीत हलवा, हे आज संध्याकाळीही करता येईल.

फोनची बॅटरी का पेटते?

लिथियम-आयन बॅटरीत दोन थरांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. आतलं तापमान साधारण 130 अंशांच्या आसपास गेलं की तो वितळायला लागतो. मग थर एकमेकांना भिडतात, उष्णता आणखी वाढते आणि आतला द्रव पेट घेतो. फोन कंपन्या साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेत चार्जिंग करा म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला जातो! निदान उशीखाली आणि गादीवर चार्जिंग नको. फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका.

फोन पेटलाच तर आधी बोर्डाचा स्विच बंद, मग भरपूर पाणी. नुसतं फडकं टाकून उपयोग नाही, कारण बॅटरीला थंड करावं लागतं. वायर चालू असेल तर पाणी अजिबात नाही. ई-बाइकची मोठी बॅटरी पेटली तर विझवत बसू नका, बाहेर पडा. रात्री ती दाराच्या तोंडाशी चार्जिंगला लावू नका, कारण पळायची वाट तीच असते.

खाली दुकान, वर घर अशी घरं आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात 3 एप्रिल 2024 ला पहाटे अशाच एका इमारतीत खालचं कपड्याचं दुकान पेटलं. वर झोपलेले सात जण गेले, ते धुराने गुदमरून. धूर वर चढतो. म्हणून वाकून, नाकाला ओलं फडकं लावून बाहेर पडायचं. गॅसचं उलटं, एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, लाइटच्या बटणाला हात लावू नका आणि 1906 ला कॉल घराबाहेर जाऊन करा.

तुमच्या क्लासला दुसरा जिना आहे का?

24 मे 2019 ला सुरतच्या तक्षशिला इमारतीत वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली 22 मुलं गेली. काहींनी खिडकीतून उड्या मारल्या. सुरतेत आपल्या खान्देशची किती कुटुंबं आहेत, हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार अशा इमारतींनी परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्याला नमुना 'ब' म्हणतात. क्लासच्या सरांना विचारा, "सर, आपला 'ब' फॉर्म झाला का?" सर ओरडतील कदाचित. मग उद्या वर जाताना दुसरा जिना शोधा, त्याच्या दाराला कुलूप आहे का बघा. पायऱ्यांवर मोडके बाक रचलेले असतील तर फोटो काढा आणि तो स्टेटसला ठेवण्याआधी अग्निशमन विभागाकडे तक्रारीसोबत द्या.