दहा बाय बाराची खोली आणि स्पीकरचा खरा आवाज

तपकीर गल्लीतून वूफर-ट्विटर आणायचे, सुताराकडून 18 मिलिमीटर प्लायचा बॉक्स करून घ्यायचा आणि घरीच स्पीकर जोडायचा, ही हौस पुणे जिल्ह्याला नवी नाही. अडते ते मोजणीपाशी. आवाज अजिबात परतू न देणारा कक्ष असल्याशिवाय मोजमाप खरे ठरत नाही, असा समज आहे, आणि असा कक्ष बारामती तालुक्यातल्या सुप्यासारख्या गावात मिळणार कुठून? पण हा समज अर्धाच बरोबर आहे. साध्या खोलीतही स्पीकरची मोजणी विश्वासार्ह होते. कोणता आवाज स्पीकरचा आणि कोणता खोलीचा, एवढे मात्र आधी वेगळे करावे लागते.

खोली किती ढवळाढवळ करते ते पाहू. आवाज सेकंदाला सुमारे 345 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत 10 फूट अंतर असेल, तर साधारण 57 हर्ट्झचा सूर त्यांच्यात अडकून घुमतो. आपल्याकडच्या स्लॅबच्या घरात छतही बहुधा 10 फुटांवर असते. म्हणजे रुंदी आणि उंची दोन्ही एकाच सुराला उचलून धरतात. हाच सूर कोपऱ्यात दणदणतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. मध्यावर माइक ठेवणाऱ्याला आलेखात तिथे खड्डा दिसतो आणि वूफर कमजोर आहे असे वाटते. प्रत्यक्षात वूफरचा त्यात काही दोष नसतो. पत्र्याचे छत किंवा मांडणीवरची स्टीलची भांडी असतील तर एखाद्या ठरावीक सुराला तीही झणझणू लागतात, आणि तो आवाजही माइक इमानाने टिपतो.

यावरचा उपाय वेळेत आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकपर्यंत आधी सरळ पोचतो; जमिनीला, छताला, भिंतीला आपटून येणारा आवाज लांबच्या वाटेने मागाहून येतो. दहा बाय बाराच्या, 10 फूट उंच खोलीत बॉक्स अरुंद स्टुलावर 5 फूट उंचीला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवला, समोर 1 मीटरवर त्याच उंचीला माइक लावला, तर जमिनीवरून परतणाऱ्या आवाजाला सुमारे 2.2 मीटर जास्त चालावे लागते. म्हणजे तो साधारण 6 मिलिसेकंद उशिरा पोचतो. एक सूर खालून वर सरकत नेऊन संगणकाकडून स्पीकरचा प्रतिसाद वेळेनुसार काढून घेता येतो. इटलीचे अँजेलो फरिना यांनी 2000 साली मांडलेली ही पद्धत आता फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. त्या प्रतिसादातले पहिले 6 मिलिसेकंद ठेवायचे आणि पुढचे कापून टाकायचे. उरते ते फक्त स्पीकरचे. मात्र कपाट, कॉट, टेबल आधी बाजूला सरकवायला हवे, कारण जवळची वस्तू आवाज लवकर परतवते आणि ही मोकळी वेळ खाऊन टाकते.

याची किंमतही मोजावी लागते. 6 मिलिसेकंदांत 167 हर्ट्झखालच्या सुराची एक लहरसुद्धा पुरी होत नाही. त्यामुळे खालच्या सुरांबद्दल हा आलेख मुकाच राहतो, आणि 300 हर्ट्झपर्यंतही तपशील पुसट येतो. टीकाकार नेमके इथेच बोट ठेवतात, आणि आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर ध्वनी-अभियंते डी. बी. कील यांनी 1974 साली दिले. माइक वूफरच्या कोनाला, म्हणजे त्याच्या हलणाऱ्या शंकूला, जवळजवळ चिकटवायचा. 8 इंची वूफर असेल तर मधल्या टोपीपासून सेंटिमीटरभरापेक्षाही कमी अंतरावर. इतक्या जवळ वूफरचा थेट आवाज इतका मोठा असतो की भिंतींवरून परतणारा त्याच्यापुढे नगण्य ठरतो. ही मोजणी साधारण 500 हर्ट्झपर्यंत चालते. मग दोन्ही आलेख 300 च्या आसपास जोडायचे. बॉक्सला पोर्ट, म्हणजे हवा आतबाहेर करणारे भोक, असेल तर त्याचा आवाज वेगळा मोजून, त्याच्या तोंडाच्या आकाराच्या प्रमाणात मिळवायचा. बॉक्सच्या रुंदीमुळे खालच्या सुरांत जी घट येते, तीही हिशेबात धरायची. ही पायरी गाळली की प्रत्यक्षापेक्षा जास्त बास कागदावर दिसतो. हौशी मोजणी सर्वांत जास्त इथे घसरते.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे: ऐकायचे खोलीतच, मग खोली वगळून मोजायचे कशाला? कारण खोलीच्या आणि स्पीकरच्या दोषांवरचे इलाज वेगळे आहेत. खोलीने पाडलेला खड्डा क्रॉसओव्हर (वूफर-ट्विटरमध्ये सूर वाटून देणारे सर्किट) बदलून किंवा आवाज वाढवून भरत नाही. परतणारा आवाजही तेवढाच वाढतो आणि कोपऱ्यातली घुमघुम मात्र असह्य होते. तिथे स्पीकर किंवा खुर्ची हलवणे हाच उपाय. वरच्या सुरांत गोष्ट उलटी आहे: तिथे इलाज स्पीकरवरच करायचा. कॅनडात फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून घेतलेल्या चाचण्यांत श्रोत्यांनी ज्यांना पसंती दिली, त्या स्पीकरचा थेट आवाज सपाट आणि बाजूंना जाणारा आवाज सुरळीत होता. ‘शेवटी कानच खरा’ म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे: कानाने दिलेला कौल आणि मोजणी तिथे एकमेकांना पूरकच ठरली.

सुप्याच्या जिरायती भागात उघडे माळ आहेत, मग तिथेच का मोजू नये? जरूर मोजावे. स्पीकर आणि माइक दोन्ही सपाट, टणक जमिनीवर ठेवले की जमिनीवरून वेगळा परतणारा आवाज उरतच नाही. पण वारा पडलेला हवा, आणि जागा मयूरेश्वर अभयारण्यातल्या चिंकारांपासून व वस्तीपासून लांब हवी. तसा योग रोज येत नाही. खोली रोज हाताशी असते. म्हणून घरी स्पीकर बनवणाऱ्यांना एकच विनंती: 1 मीटरवरून खोलीसकट घेतलेला आलेख पाहून 300 हर्ट्झच्या खाली क्रॉसओव्हरला हात लावू नका. आधी माइक कोनाजवळ न्या.