टेम्पोत मावशी कुठे बसतात?

मार्व्याच्या धक्क्यावरून लाँच सुटली की मनोरी काही मिनिटांवर. माणसे, मासळीच्या पाट्या, सायकली, स्कूटरी सगळे त्या लाँचवरून खाडी ओलांडते. टेम्पोला मात्र गोराई, उत्तन, भाईंदर, दहिसर असा भला मोठा वळसा घालूनच मालाडच्या बाजारात यावे लागते. सुरुवातीचा रस्ता अरुंद आणि वळणांचा, रविवारी सहलीच्या गाड्यांनी भरलेला. मासळीच्या धंद्यातला धोका समुद्रावर असतो असे बाहेरच्या माणसाला वाटते. टेम्पोच्या मालकाला विचारले तर तो या रस्त्याकडे बोट दाखवतो.

गावठाणातल्या अशाच एका मालकाच्या ओटीवर विम्याचे नूतनीकरण कसे होते ते पाहायला मी बसलो होतो. गाडी म्हणजे 'छोटा हत्ती' म्हणतात तो लहान टेम्पो. पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावातली मासळी उचलायची, मालाड-कांदिवलीच्या बाजारांत उतरवायची, गावचे बोंबील-कोळंबी असेल तर तेही न्यायचे आणि मधल्या वेळात मिळेल ते भाडे मारायचे, असा तिचा दिवस. एजंट मालाडहून लाँचने आला होता.

"नेहमीसारखं करून टाका. थर्ड पार्टी पुरे, स्वस्तातलं," मालक म्हणाला.

"दादा, थर्ड पार्टी कुठेही घ्या, दर तोच," एजंट म्हणाला. हा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला वर्षाला १६,०४९ रुपये पडतात. छोटा हत्ती असो की सात टनी ट्रक, रक्कम एकच. १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला त्याच तक्त्यात ३,४१६ रुपये आहेत, तर मालवाहू तीनचाकीला ४,४९२. मालकाला हा अन्याय वाटतो. पण घरची मोटार एका कुटुंबाच्या सोयीने फिरते. धंद्याची गाडी रोज, अंधारात, घाईत आणि भरलेली असते. जितके तास ती रस्त्यावर, तितक्या वेळा तिच्यासमोर कोणीतरी येणार.

समोर येणाऱ्या त्या माणसासाठी १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ आहे. थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी सार्वजनिक जागी आणायची नाही. पकडले गेल्यास पहिल्या खेपेला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला दंड ४,०००. एवढाच दंड असेल तर १६,००० भरायचे कशाला, असा हिशेब ओटीवर झालाच. मग एजंटाने अर्जाच्या पाठीवर दुसरा हिशेब मांडला.

समजा, टेम्पोच्या धडकेत तिशीतला एक माणूस गेला. स्वतःचा लहान धंदा, महिना २०,००० कमाई, मागे आई-वडील, बायको, मूल. वर्षाचे २,४०,०००. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यावर ४० टक्के, म्हणजे ३,३६,०००. तो स्वतःवर खर्च करत असेल तो चौथा हिस्सा वजा, राहिले २,५२,०००. तिसाव्या वर्षासाठी न्यायालयांनी ठरवलेला गुणक १७. गुणाकार ४२,८४,०००. अंत्यसंस्कार आणि कुटुंबाने गमावलेल्या सहवासाची रक्कम वेगळी धरायची. ही रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यांत घालून दिली, आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे तिच्यावरच चालतात. माणसाच्या मृत्यूसाठी किंवा इजेसाठी विमा कंपनीच्या देण्याला वरची मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान मात्र साडेसात लाखांपर्यंतच भरून मिळते.

मालकाने तो आकडा पुन्हा वाचला. टेम्पो विकून एवढे येणार नाहीत. होडीतला वाटा आणि गावठाणातले घर धरले तर कदाचित. विमा नसेल तर न्यायाधिकरणाचा निवाडा नेमका तिथेच पोहोचतो.

"बरं, मग फुल करा," मालक म्हणाला. फुल म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीसकट. इथे एजंटाचे खरे काम सुरू झाले, कारण धंद्याच्या गाडीचे फुल घरच्या मोटारीपेक्षा कमी भरलेले असते. दिवे, टायर, मडगार्ड, बंपर आणि रंग हे व्यापारी गाडीच्या साध्या पॉलिसीत धरलेलेच नसतात. गाडी पूर्ण निकामी झाली तरच त्यांचे पैसे मिळतात. ते हवे असतील तर 'आयएमटी २३' नावाची जोड जादा हप्ता देऊन घ्यावी लागते. उत्तनच्या वळणांवर पहिल्यांदा फुटतो तो बंपर आणि दिवाच. स्वस्तातली फुल पॉलिसी घेतलेला माणूस पहिल्या क्लेमला चिडतो तो यामुळे.

चालकाचे कलमही तसेच. टेम्पो मालकाचा भाचा चालवतो, पगारावर. पगारी चालक आणि क्लीनरची जादा जबाबदारी माणशी शंभराच्या आतल्या हप्त्यात जोडता येते, तरी अर्जावरचा तो चौकोन रिकामा राहतो. घरचाच तर आहे, म्हणून. भाच्याकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे, ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का नाही. याच कारणाने कंपन्या वर्षानुवर्षे क्लेम अडवत. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी वाद मिटवला: ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. एजंटाने तरी परवान्याची मुदत तपासली.

पॉलिसी घेणे ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी भाईंदरच्या एका गॅरेजमध्ये दिसते, सर्व्हेअर येतो तेव्हा. मोटारीच्या पन्नास हजारांवरच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. मी पाहिलेला सर्व्हेअर कमी बोलणारा होता. चेसिसवर कोरलेल्या नंबरावर त्याने कागद धरला आणि पेन्सिल घासून ठसा उतरवून घेतला. आरसी बुकातला नंबर आणि हा ठसा जुळला तर पुढचे. मग टायरची नक्षी, पासिंगची तारीख, अपघातावेळी किती माल होता त्याची पावती. शेवटी तो वाकून हौद्याच्या खाली गेला.

मासळीच्या टेम्पोत बर्फ वितळतो आणि खारे पाणी फटींतून चेसिसवर ठिबकत राहते. फाळके खालून पोखरले जातात, बोल्ट फुगतात. सर्व्हेअर स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहतो: पत्रा चमकदार फाटला असेल तर तो धक्क्याचा, पापुद्रे सुटत असतील तर गंजाचा. धक्क्याचे पैसे मिळतात. गंज, झीज आणि यंत्राचा बिघाड पॉलिसीत नाहीत. शिवाय जे मिळते त्यातूनही घसारा कापतात. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के, धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, दहा वर्षांपुढे तेही ५० टक्के. काचेवर काही नाही. त्या गॅरेजात मालक बिलाची बेरीज करत होता आणि सर्व्हेअर वजाबाकी.

हौद्यातली मासळी तर या सगळ्याच्या बाहेर आहे. टेम्पो उलटला आणि पापलेट-सुरमईचे क्रेट रस्त्यावर सांडले तर गाडीची पॉलिसी त्यांचा एक रुपया देत नाही; मालाच्या वाहतुकीचा विमा वेगळा. लहान टेम्पोवाले तो सहसा घेत नाहीत. नासणारा माल, रोज बदलणारा भाव, आणि मालकिणी अनेक.

मनोरीत धंद्याच्या गाड्या एवढ्याच नाहीत. किनाऱ्यावरच्या बंगल्यांचे पाहुणे पैसे घेऊन भाईंदर स्टेशनवरून आणणारी पांढऱ्या नंबरप्लेटची मोटार हीसुद्धा धंद्याचीच गाडी; फक्त तिचा कागद तसे म्हणत नाही. खासगी पॉलिसीवर वापराची मर्यादा छापलेली असते आणि भाड्याने वापर त्यात बसत नाही. अपघात झाला की कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. जखमी पाहुण्याला न्यायाधिकरण कदाचित कंपनीकडून पैसे देववते, पण मालकाकडून ते वसूल करायची मुभा देऊन. मोटारीचा खासगी आणि व्यापारी हप्ता यांतला फरक वाचवणाऱ्याला हे उशिरा कळते.

पॉलिसी तुटते ती बहुधा पावसाळ्यात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. गाडी उभीच आहे तर हप्ता ऑगस्टमध्ये भरू, असे घराघरांत ठरते. गाडी प्रत्यक्षात उभी राहत नाही. मांडवाचे सामान, भाजी, गणपतीच्या मूर्ती यांची भाडी मिळतच असतात. मुदत संपल्यावर नूतनीकरणाआधी गाडीची तपासणी करावी लागते, आणि नव्वद दिवस उलटले की दावा न केल्याबद्दल साठत गेलेली हप्त्यातली सूट, जी पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, तीही बुडते.

हे सगळे झाल्यावर एजंटाने अर्जावर नसलेला प्रश्न विचारला. "दादा, गाडीत कोण कोण बसतं?"

केबिनमध्ये भाचा आणि मासळी विकणाऱ्या दोन मावशी, कधी तीन. जागा नसेल तर एकदोघी मागे क्रेटना धरून. वर्षानुवर्षे असेच चालत आले आहे आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. मासळी त्यांची, टेम्पोचे भाडे त्याच वर्गणीने देतात. एजंटाने आरसी बुक उघडले. आसनसंख्या चालकासकट दोन.

मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात सांगितले आहे. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी मात्र १९९४ च्या दुरुस्तीपासून विम्याच्या छत्राखाली येतो. म्हणजे आपल्या मासळीबरोबर जाणारी कोळीण ही कायद्याच्या नजरेत फुकटची प्रवासी नाही, मालाची मालकीण आहे. पण २००७ च्या चोल्लेटी भारतम्मा निकालात न्यायालयाने ही सोय केबिनमध्ये बसणाऱ्यापुरतीच धरली. मागे, मालावर बसलेल्या मावशीसाठी तीच मासळी, तेच भाडे, तोच अपघात असूनही दावा मालकावर येतो.

मागे बसायचे नाही, हा निरोप शेजारच्या ओटीवर गेला आणि मावशी भांडायलाच आल्या. "आम्ही नाय आलो तर आमच्या पाट्या कोण सांभाळील?" प्रश्न रास्त होता. उत्तर कायद्यातल्या दोन शब्दांतच निघाले: अधिकृत प्रतिनिधी. एकीने सगळ्यांच्या मालाची चिठ्ठी हातात ठेवून केबिनमध्ये बसायचे, बाकीच्यांनी लिलाव आटोपून डॉकयार्ड रोडला लोकल धरायची. पाळी कोणाची यावरून लगेच दुसरे भांडण सुरू झाले.

पहाटे भाऊच्या धक्क्यावर जातानाचा पेच मात्र तसाच आहे. त्या वेळी लाँच नसते आणि पाट्या रिकाम्या असतात. रिकाम्या पाटीची मालकीण ही मालाची मालकीण ठरते का, यावर वकील वाद घालतात. एजंटाचा सल्ला सरळ होता: प्रवासी परवान्याची गाडी वर्गणीने करा, तिच्या पॉलिसीत प्रवासी धरलेले असतात. मावशींनी भाडे विचारले, माणशी किती पडते ते बोटांवर मोजले, आणि तेवढे पैसे बोंबलाच्या वाट्यावर चढवले तर मालाडची गिऱ्हाइके देतील का, यावर त्यांची चर्चा सुरू झाली. धंद्याच्या गाडीचा विमा शेवटी तिथेच ठरतो: हप्ता मालाच्या भावात धरला तर तो दरवर्षी निघतो, मालकाच्या खिशातून जायचा असेल तर एखाद्या जूनमध्ये राहून जातो.