बोंडूचा चोथा आणि मुरघास

मार्च-एप्रिलात वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत कुठल्याही काजूच्या बागेत शिरा, आंबूस वास आधी भेटतो. बी पिळून घ्यायची आणि बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, झाडाखालीच टाकायचं, ही आपली रीत. बोंडूचं वजन बीच्या पाच ते आठ पट; म्हणजे टनभर बी काढणारा निदान पाच टन फळ मातीत घालतो. पलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, पण रस काढल्यावर चोथा तिथंही उरतोच.

हा चोथा मुरघासाला उपयोगी पडतो. बारीक कापलेल्या हिरव्या चाऱ्याची कुट्टी पिशवीत हवाबंद दाबली की चाऱ्यातल्या साखरेपासून जिवाणू लॅक्टिक आम्ल करतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि कुजणं थांबतं. मक्याला हे सहज जमतं. नेपियर गवतात साखर कमी, पाणी जास्त; त्याच्या मुरघासाची पिशवी उघडावी तर खवट लोण्याचा वास आणि हाताला बुळबुळीत.

पिळलेल्या चोथ्यातही थोडी साखर राहते, आणि वाळवला तर तो पाणी शोषतो. ओला घातला तर यीस्ट त्या साखरेची दारू करतं, हे फेणीवाल्यांना सांगायला नको. म्हणून काढल्या दिवशीच ताडपत्रीवर पातळ पसरायचा. मुठीत कुरकुरला की पोत्यात भरून, जमिनीला न टेकवता, पावसाळी गवत येईपर्यंत जपायचा. कोकणातल्या दमट हवेत खरं कठीण काम हेच. बुरशी दिसली तर पोतं खतात.

आता हिशेब. १०० किलो गवतात ८० टक्के ओल, म्हणजे सुकं २० किलो. त्यात १० टक्के ओलीचा १० किलो चोथा मिसळला की ११० किलोत २९ किलो सुकं; ओल ७४ टक्क्यांवर येते. आणखी चार-पाच टक्के उतरवायला कापलेलं गवत काही तास सुकू द्यावं. कुट्टी मुठीत दाबून पाहा: पाणी ठिबकू नये, आणि मूठ सोडल्यावर गोळा हळूहळू उलगडावा. मग थराथरानं तुडवत भरायची, तोंड घट्ट बांधायचं, ४५ दिवस हात लावायचा नाही.

चोथा वाढवत नेण्याचा मोह मात्र नको. बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो तो टॅनिनमुळे. थोडं टॅनिन चाऱ्यातली प्रथिनं पिशवीत फुटू देत नाही, जास्त झालं तर गाईच्याही पोटात ती नीट पचत नाहीत. काजू जिथून आपल्याकडे आला त्या ब्राझीलमध्ये नेपियरच्या मुरघासात असाच चोथा घालून पाहिला आहे. गाय पहिल्या दिवशी या मुरघासाला नाक मुरडेल. नेहमीच्या पेंढ्यात ओंजळभरच मिसळून द्या.