बीजातील उत्परिवर्तनांचा मागोवा : सुरकुतलेला वाटाणा ते पौष्टिक मका

बी भरत असताना त्यात किती स्टार्च साठवायचा आणि कोणती प्रथिने तयार करायची, हे जनुकांवर ठरते. कोणते जनुक केव्हा आणि किती प्रमाणात कामाला लागते, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. उत्परिवर्तनाने ती बिघडली, तर अनेकदा दाण्याचे रूपच बदलते. त्यामुळे या विषयाचे पहिले धागेदोरे साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या दाण्यांतूनच मिळाले.

ग्रेगोर मेंडेल यांनी 1866 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांची आनुवंशिकता मांडली. सुरकुतीमागचे कारण मात्र 1990 मध्ये इंग्लंडमधील नॉर्विच येथे उलगडले. स्टार्चच्या रेणूला फांद्या फोडणाऱ्या विकराच्या जनुकात सुमारे 800 बेसजोड्यांचा, जागा बदलणाऱ्या घटकांसारखा एक परका तुकडा घुसलेला आढळला. त्यामुळे विकर नीट तयार होत नाही, स्टार्च कमी बनतो आणि दाण्यात साखर साचते. साखरेमुळे कोवळा दाणा जास्त पाणी शोषून फुगतो आणि वाळताना आक्रसतो. असे जागा बदलणारे जनुकीय घटक बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्यात शोधले होते. त्यासाठी त्यांना 1983 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मक्यातील ओपेक-2 या उत्परिवर्तनाने पुढचा टप्पा गाठला. साधा दाणा उजेडासमोर धरला तर काचेसारखा पारभासी दिसतो. ओपेक-2 चा दाणा खडूसारखा पांढरट आणि अपारदर्शक असतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात मर्ट्झ, बेट्स आणि नेल्सन यांनी 1964 मध्ये दाखवून दिले, की या दाण्याच्या भ्रूणपोषातील प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल बरेच जास्त असते. मक्याच्या प्रथिनांत नेमकी त्याचीच उणीव असते.

असे का होते, हे 1987 मध्ये ओपेक-2 जनुक वेगळे काढल्यानंतर समजू लागले. त्या कामातही मॅक्लिंटॉक यांनी शोधलेले घटकच उपयोगी पडले. हे जनुक इतर जनुकांना चालना देणारे प्रथिन बनवते. दाणा भरताना हे प्रथिन झेन नावाच्या साठवण-प्रथिनांच्या जनुकांना जागे करते. ते निकामी झाले, की लायसीन जवळजवळ नसलेले झेन घटते, लायसीन असलेल्या इतर प्रथिनांचा वाटा वाढतो आणि लायसीन मोडणाऱ्या विकराची निर्मितीही मंदावते. एका जनुकातील बदलाने अनेक जनुकांची अभिव्यक्ती बदलते ती अशी.

शेतात मात्र हा मका अडखळला. दाणा मऊ, वजनाला हलका आणि किडीला लवकर बळी पडणारा निघाला. भारतात 1971 मध्ये शक्ती, रतन आणि प्रोटिना हे ओपेक-2 वाण प्रसारित झाले, पण याच दोषांमुळे ते फारसे रुजले नाहीत. मेक्सिकोतील सिमिट या संशोधन केंद्रात सुरिंदर वसल आणि एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी दाणा पुन्हा टणक करणारी साहाय्यक जनुके निवडत नेली आणि त्यातून दर्जेदार प्रथिनयुक्त मका (क्यूपीएम) घडवला. या दोघांना 2000 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या टणकपणाचे एक मूळ 2016 मध्ये सापडले : झेनचाच एक प्रकार असलेल्या गॅमा-झेनच्या एका जनुकाची प्रत दुप्पट होऊन त्याची अभिव्यक्ती वाढलेली असते.

अल्मोड्यातील संशोधन संस्थेने रेणवीय खुणांच्या आधारे निवड करून विकसित केलेला विवेक क्यूपीएम 9 हा संकरित वाण 2008 मध्ये भारतात प्रसारित झाला. उत्परिवर्तन सापडणे ही केवळ सुरुवात असते. त्याने दाण्यातील कोणकोणत्या जनुकांची अभिव्यक्ती बदलते हे समजले, तर ते शेतकऱ्याच्या उपयोगी आणणे सोपे होते.